नाव आणि नाव

रात्रीची जेवणे आटोपली की आमच्या घरी अर्धा तास वाचनाचा असतो. पुस्तक इंग्रजी असले तर ते समोर धरून मी मराठीतच सांगत जाते आणि माझी दहा वर्षांची लेक दर परिच्छेदाला मला अडवून शंका काढत राहते. गेल्या पावसाळ्यात आम्ही उर्सुला ले ग्विन या अमेरिकी लेखिकेचे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ वाचायला घेतले. त्यातला मुलगा जादूविद्या शिकण्यासाठी रोक नावाच्या बेटावर जातो. तिथे नऊ गुरू असतात, आणि त्यांपैकी नावे शिकवणारे गुरू इतरांपासून दूर, बेटाच्या अगदी उत्तर टोकाच्या एका मनोऱ्यात राहतात. विद्यार्थ्यांनी तिथल्या गारठलेल्या खोलीत बसून नावांच्या याद्या पाठ करायच्या, आणि त्याही त्याच दिवसात, कारण मध्यरात्री कागदावरची शाई आपोआप उडून जाते. या गुरूंचे नाव कुरेमकार्मेरुक. ते मी कसेबसे उच्चारले, तशी लेक अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, “कुर्रर्र! आई, हे तर बारशाचे गुरुजी!” खिडकीपाशी जप करत बसलेल्या माझ्या सासूबाई माळ तशीच हातात धरून हसू लागल्या.

मुलीने चेष्टेत केलेली ही जोडणी मला इतकी पटली, की त्यानंतर ले ग्विन यांचे सगळेच लेखन मी त्याच वाटेने वाचत गेले. आपल्याकडे आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ‘कुर्रर्र’ करते, नाव आधी त्याच्या कानात सांगते, पाठीत धपाटे खाते आणि मगच ते नाव चारचौघांत जाहीर होते. ले ग्विन यांच्या अर्थसीमध्ये यातला पूर्वार्ध तेवढा आहे. या बेटाबेटांच्या जगात मुलगा तेरा वर्षांचा झाला, की त्याचे आईने ठेवलेले नाव काढून घेतले जाते, त्याला झऱ्याच्या थंड पाण्यातून चालवले जाते आणि पलीकडच्या काठावर उभा असलेला जादूगार त्याला त्याचे खरे नाव पुटपुटून सांगतो. ते कधीच जाहीर होत नाही. लोकांत वावरण्यासाठी हाकेचे एक वेगळे नाव असते. खरे नाव मात्र ज्याच्या हाती आपला जीव निर्धास्तपणे सोपवता येईल अशाच माणसाला सांगायचे, कारण ज्याला नाव ठाऊक त्याची त्या माणसावर सत्ता चालते. जादू म्हणजे तिथे वस्तूंची मूळ भाषेतली नावे जाणणे, एवढेच. खड्याचा हिरा झाल्याचा भास कुणालाही करून दाखवता येईल. खराखुरा हिरा करायचा तर त्या खड्याचे नाव बदलावे लागते आणि एका खड्याचे नाव बदलले तरी जगाचा तोल थोडा ढळतो, असे तिथले एक गुरू मुलांना बजावतात.

या कथानायकाला आई डनी म्हणत असे. त्याच्या हाकेला रानातले ससाणे खाली येत, म्हणून गावातली पोरे त्याला स्पॅरोहॉक म्हणू लागली आणि तेच त्याचे हाकेचे नाव झाले. सांगताना मी त्याचा ‘शिक्रा’ केला. आपल्या येऊरच्या डोंगरावर घिरट्या घालतो तो शिक्रा त्याच कुळातला. त्याचे खरे नाव गेड, आणि ते वाचकाला पहिल्या प्रकरणातच कळते. या नावाने त्याला हाक मारणारी माणसे पुस्तकभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, तरी निवेदिका आपल्यापाशी मात्र त्याला ते नाव मिळाल्यापासून गेडच म्हणते. म्हणजे पहिल्याच प्रकरणात तिने वाचकावर केवढा विश्वास टाकला आहे, हे माझ्या लेकीच्या माझ्याआधी लक्षात आले आणि तिने तो विश्वास पाळलाही. शाळेत ती त्याचा उल्लेख ‘शिक्रा’ असाच करते.

ले ग्विन यांचा जन्म २१ ऑक्टोबर १९२९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे झाला. वडील आल्फ्रेड क्रोबर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मला अर्थसीच्या मुळाशी असल्यासारखा वाटतो, आणि हा माझा तर्क आहे. १९११ साली ऑरोव्हिल नावाच्या गावातल्या कत्तलखान्याच्या आवारात उपासमारीने खंगलेला एक माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा जिवंत माणूस होता. त्याला नाव विचारले, तर तो सांगेना. आपले नाव आपल्या तोंडाने सांगायचे नाही, आपल्याच माणसाने ओळख करून देताना ते घ्यायचे, अशी त्या लोकांची रीत, आणि त्याची ओळख करून देणारे कुणी आता उरलेच नव्हते. क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत इशी म्हणजे नुसता ‘माणूस’. पुढे तो विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला आणि १९१६ साली क्षयाने गेला. खरे नाव त्याने कुणालाही सांगितले नाही. उर्सुला तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या. पण त्यांच्या आई थिओडोरा क्रोबर यांनी इशीचे चरित्र लिहिले, ते १९६१ साली प्रसिद्ध झाले आणि खूप वाचले गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६४ साली, ‘द रूल ऑफ नेम्स’ ही मुलीची कथा एका मासिकात आली. तीत शाळेतल्या बाई मुलांना शिकवतात, की कुणाला त्याचे नाव विचारायचे नाही आणि आपले कुणाला सांगायचे नाही. कथा तशी विनोदी आहे. गावातला एक गबाळा, काही धड न जमणारा जादूगार शेवटी नाव बदलून राहणारा भला मोठा ड्रॅगन निघतो. हाच ड्रॅगन पुढे कादंबरीत गेडसमोर उभा राहतो, आणि गेड त्याला जिंकतो तो तलवारीने नव्हे. जुन्या बखरी चाळून त्याचे नाव अचूक ताडतो, म्हणून.

स्वतः ले ग्विन यांच्या नावाचीही एक हकिकत आहे. फ्रेंच साहित्याच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळवून १९५३ साली त्या ‘क्वीन मेरी’ जहाजाने फ्रान्सला निघाल्या होत्या. त्याच जहाजावर इतिहासाचे अभ्यासक चार्ल्स यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि वर्ष संपायच्या आत पॅरिसमध्ये दोघांचे लग्न झाले. चार्ल्स यांचे आडनाव तोवर सलग लिहिले जाई. लग्नाची नोंद करणाऱ्या फ्रेंच कारकुनाने ते ब्रिटनी प्रांतातले आडनाव आहे, मध्ये जागा सोडलीच पाहिजे, असा आग्रह धरला आणि नवराबायको दोघांनाही नवे आडनाव मिळाले. फक्त आपलेच नाव बदलले नाही, याचे ले ग्विन यांना समाधान वाटत असे. माहेरच्या आडनावाचा ‘के’ त्यांनी मध्ये कायम ठेवला. तरीही १९६९ साली ‘प्लेबॉय’ने त्यांची एक कथा छापताना पुरुष वाचक बिचकतील म्हणून ‘यू. के. ले ग्विन’ असे नाव घालण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली. आपण किती सहज हो म्हणालो, याचे पुढे त्यांनाच नवल वाटले.

प्रसिद्धी त्यांना उशिराच मिळाली. अकराव्या वर्षी एका विज्ञानकथांच्या मासिकाला पाठवलेली पहिली कथा साभार परत आली. पुढे लग्न, पोर्टलंडमधला संसार, तीन मुले, रात्री मुले झोपल्यावरचे लेखन आणि नकारांचे ढीग. १९६६ साली पहिली कादंबरी निघाली, आणि १९६७ साली बर्कलीच्या एका लहानशा प्रकाशकाने किशोरांसाठी काहीतरी लिहा असे सुचवले. तेव्हा त्यांच्या मनात आले, की गोष्टीतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारेच का असतात? ते कधीतरी पंधरा वर्षांचे असतीलच, आणि ही विद्या ते कुठेतरी शिकले असतीलच. जादूची निवासी शाळा पुढे जगभर गाजली, पण ले ग्विन यांनी ती १९६८ सालीच बांधून ठेवली होती. मला त्यांची कामाची पद्धत विशेष आवडते. आधी मोठा कागद घेऊन त्यांनी सगळ्या बेटांचा नकाशा काढला, बेटांना नावे दिली, आणि मग त्या समुद्रावर गोष्ट सोडली.

समुद्र म्हटला की होडी आलीच. मराठीत नाव म्हणजे ओळख आणि नाव म्हणजे होडी, एक ‘ते नाव’ आणि दुसरी ‘ती नाव’. संस्कृतात या दोन्हींची मुळे वेगळी, मराठीत येईपर्यंत मात्र दोन अक्षरांत दोघी एकत्र नांदू लागल्या. अर्थसी वाचताना मराठी वाचकाला हा योग फुकटात मिळतो, कारण त्या पुस्तकांत याच दोन गोष्टींनी माणूस तरतो. गर्वाच्या भरात गेडने पाताळातून एक निनावी सावली ओढून आणलेली असते. आधी ती त्याचा पाठलाग करते, मग उलट तो तिचा पाठलाग करू लागतो, आणि या शोधात त्याला एका बेटावर कोळ्याची एक जुनी, गळकी होडी मिळते. तो म्हातारा कोळी मोतीबिंदूने जवळपास आंधळा झालेला आहे. होडीच्या मोबदल्यात गेड त्याचे डोळे बरे करतो. तेव्हा म्हातारा त्याला सांगतो, की मी हिला वेगळ्या नावाने हाकारत होतो, तू मात्र हिला ‘लुकफार’ म्हण, म्हणजे मराठीत ‘दूरदिठी’, आणि हिच्या नाळेच्या दोन्ही बाजूंना डोळे रंगव. त्या लाकडाच्या डोळ्यांनी माझी कृतज्ञता तुझी वाट पाहत राहील आणि तुला खडकांपासून जपेल. जगात इतका उजेड असतो हे मी विसरूनच गेलो होतो, असेही तो म्हणतो.

हा भाग आम्ही वाचला त्याच आठवड्यात सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. हिरवी पट्टी आणि काळा चष्मा लावून त्या पलंगावर पडून होत्या, दर चार तासांनी थेंब घालण्याचे काम नातीकडे होते. म्हातारा कोळी बोलून संपला, तशा त्या म्हणाल्या, “खरे आहे हो. पट्टी काढली तेव्हा भिंतीचा पांढरा रंग बघून मला भोवळच आली.” पुढच्या रविवारी आम्ही तिघी चेंदणी कोळीवाड्याकडे खाडीवर गेलो. ओहोटी होती आणि चिखलात कलंडलेल्या होड्यांवर रंगवलेली नावे सासूबाई उजव्या डोळ्याने एकेक करून मोठ्याने वाचत होत्या. देवांची, आयांची, लेकींची नावे.

गेडच्या रंगाबद्दलही लिहिले पाहिजे. माझी प्रत फोर्टच्या फुटपाथवर घेतलेली, जुनी आहे. मजकुरात गेडचा वर्ण तांबूस तपकिरी म्हटला आहे, त्याचा जिवलग मित्र काळा आहे आणि गोरे असतात ते हल्ले करायला येणारे कार्ग लोक. लेकीने पुस्तक मिटून मुखपृष्ठ पाहिले आणि विचारले, “मग हा गोरा कोण?” हा प्रश्न ले ग्विन यांनी स्वतः आयुष्यभर प्रकाशकांना विचारला. पहिल्या आवृत्तीचे मुखपृष्ठ रूथ रॉबिन्स यांचे होते आणि त्यात गेडचा चेहरा तांबूसच होता. नंतरच्या कित्येक आवृत्त्यांत मात्र तो उजळत गेला. २००४ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेत तर जवळजवळ सगळ्यांनाच गोरे केले आणि वर कहर म्हणजे त्याची दोन्ही नावे उलटीपालटी केली. खरे नाव स्पॅरोहॉक आणि हाकेचे गेड! नावांवर उभी राहिलेली गोष्ट हाती घेऊन नेमकी नावांचीच अदलाबदल करणाऱ्यांनी मूळ पुस्तक वाचले होते का, अशी शंका येते. ले ग्विन यांनी त्यावर जाहीरपणे संतप्त लेख लिहिला. १८९३ पासून चालत आलेल्या आमच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून मी लहानपणी पुस्तके आणायचे, तेव्हा राजकन्या सावळी असू शकते हे माझ्या डोक्यातही आले नव्हते, म्हणून या बाईंचा राग मला जवळचा वाटतो.

पण अर्थसीच्या पुस्तकमालिकेतले माझे सर्वांत आवडते पुस्तक दुसरे, १९७१ साली आलेले ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’. यात शेवटची काही पाने सोडली तर समुद्र नाही, होड्या नाहीत. वाळवंटातले देवस्थान, त्याखालचे काळेकुट्ट भुयार आणि तिथली बालपुजारीण. दिवेलागणीच्या वेळी बागेत खेळणाऱ्या लेकीला आई हाक मारते आहे, या दृश्याने ते उघडते. मुलीचे नाव टेनार. थोरली पुजारीण ज्या रात्री मेली, त्याच रात्री ही जन्मली, म्हणून पाचव्या वर्षी तिला देवस्थानात नेतात आणि एका विधीत तिचे नाव पाताळातल्या शक्तींना अर्पण करतात. त्यानंतर तिला सगळे ‘अऱ्हा’ म्हणतात. अऱ्हा म्हणजे खाल्ली गेलेली. ती मोठी होते, कठोर होते, आपल्या हुकमाने माणसे मरतात हे पाहते. मग एके दिवशी भुयारात चोरून शिरलेला गेड तिच्या तावडीत सापडतो, आणि कैदेत पडलेला हा माणूस तिला तिचे नाव परत देतो. ती झोपेतून उठते ती स्वतःशी ‘मी टेनार’ असे म्हणत. त्या प्रकरणाला मी वाचता वाचता थांबले, कारण माझाच आवाज नीट फुटेना.

सासूबाईंनी तेवढ्यात विचारले, “खाल्ली म्हणजे कोणी? देवांनी?”

त्यांचे लग्नही १९७१ सालचे. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवे नाव लिहिले आणि माहेरचे नाव त्या दिवशी मागे पडले. रेशनकार्डावर, बँकेत, दवाखान्याच्या केसपेपरवर सगळीकडे नवेच. माहेरी त्या थोरल्या, म्हणून तिथेही सगळ्यांची ‘ताई’. त्यांचे आधीचे नाव मला आजवर ठाऊक नाही, आणि इतक्या वर्षांत मी ते विचारले नाही, याची मला त्या रात्री लाज वाटली. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटाचा प्रश्न निघाला, तेव्हा “काही नको, आहे ते नाव चांगले आहे” असे परस्पर सांगून तो विषय मिटवणाऱ्या याच सासूबाई होत्या.

तिसरे पुस्तक, १९७२ सालचे ‘द फार्देस्ट शोअर’, याला १९७३ साली अमेरिकेतला मानाचा नॅशनल बुक पुरस्कार मिळाला. पण मोठ्याने वाचताना ते जड जाते. मृत्यूवर इतके बोलणे होते, की लेक दोनदा झोपी गेली. मग ले ग्विन यांनी अठरा वर्षे अर्थसीचे नाव काढले नाही. त्या काळात त्यांनी प्रौढांसाठी पुष्कळ लिहिले, १९८८ पासून पंख फुटलेल्या मांजरांची ‘कॅटविंग्ज’ ही छोट्यांची मालिका सुरू केली, आणि १९८५ साली दोन-तीन पानांची एक विलक्षण कथा लिहिली, जिच्यात पहिली स्त्री सगळ्या प्राण्यांची नावे काढून घेते आणि शेवटी आपलेही नाव आदमला परत करून घराबाहेर पडते. माझ्या मते पुढच्या वळणाची चाहूल याच कथेत लागते. १९९० साली ‘तेहानू’ आले आणि जुने चाहते गोंधळले. त्यात गेडची जादू संपलेली आहे, टेनार शेतकऱ्याची विधवा आहे, आणि तिने सांभाळलेली मुलगी तिच्याच माणसांनी आगीत ढकललेली, अर्धा चेहरा जळालेली आहे. विद्यालयात मुलींना प्रवेश का नव्हता, सारे महापंडित पुरुषच का, हे आपल्याच जुन्या पुस्तकांना विचारलेले प्रश्न त्यात आहेत. स्वतःच्या गाजलेल्या कृतीला असे नाव ठेवण्याचे धाडस फार थोडे लेखक करतात. त्या पुस्तकाला त्यांनी ‘अर्थसीचे शेवटचे पुस्तक’ असे उपशीर्षक दिले होते. २००१ साली आणखी दोन काढली. लेकीला ‘तेहानू’ मी अजून वाचून दाखवलेले नाही. दोन वर्षे थांबेन म्हणते.

२२ जानेवारी २०१८ रोजी, ८८ व्या वर्षी, ले ग्विन पोर्टलंडमध्ये वारल्या. ‘फायरलाइट’ ही अर्थसीची त्यांची अखेरची कथा त्याच वर्षी, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली. म्हातारा गेड अंथरुणाला खिळलेला आहे, टेनार घरात वावरते आहे, आणि तो विचार करतो आहे तो पश्चिमेच्या टोकाला वाळूवर सोडून आलेल्या त्या होडीचा, दूरदिठीचा. आता तिचे काय उरले असेल, दोनचार फळ्या. कथा सुरू होते ती इथूनच. गोष्ट छोटी होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एका बैठकीत आम्ही ती संपवली.

दिवा मालवून मी उठले, तर सासूबाईंनी नातीला जवळ बोलावले. नातीने कान पुढे केला. त्या तिच्या कानात काहीतरी बोलल्या, फार तर तीन अक्षरे असतील. पोरीने आधी गंभीरपणे मान डोलावली, मग एकदम “कुर्रर्र!” करून ओरडली आणि आजीच्या पाठीत हलकेच धपाटा घालून आपल्या अंथरुणात पळाली. सकाळी डबा भरताना मी तिच्याकडे नुसते पाहिले. “नियम म्हणजे नियम,” ती म्हणाली, आणि दप्तर उचलून जिना उतरू लागली.